मरहूमचा मोबाइल : सर्व वारसांची अमानत

मय्यतीनंतर घरात काय काय आवरायचे, हे आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना कोणी शिकवावे लागत नाही. मरहूमचे कपडे गरजूला द्यायचे, किराणा दुकानातली उधारी विचारून यायची, कोणाकडून हातउसने घेतले होते का याची मोहल्ल्यात चौकशी करायची, जनाजाच्या नमाजीआधी "कोणाचे काही देणे असेल तर घरच्यांना भेटावे" असे जाहीर करायचे. ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आता तिच्यात एका वस्तूची भर पडली आहे आणि तिचे काय करायचे, हे अजून कोणालाच नीट ठाऊक नाही. ती वस्तू म्हणजे मरहूमचा मोबाइल.

बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर दुःखाच्या भरात फोन बंद करून कपाटात ठेवला जातो, किंवा दफनविधी आटोपताच तो ज्याच्या हाती लागेल त्याचा होतो. पिन माहीत असलेला मुलगा किंवा भाऊ खात्यातली रक्कम आपल्या खात्यात वळवून घेतो. "खर्चाला लागतात" असे तो म्हणतो आणि ते खोटेही नसते. पण पहिल्या प्रकारात मरहूमच्या खात्यातून महिनोन्‌महिने पैसे कापले जात राहतात, आणि दुसऱ्या प्रकारात आई व बहिणींच्या हिश्शाचा हिशेबच उरत नाही.

मी नांदेडला शिक्षिका आहे, माहेर लातूर जिल्ह्यातले. उर्दू आणि मराठी दोन्ही येत असल्यामुळे पालक अर्ज भरून घ्यायला माझ्याकडे येतात. पूर्वी ते शिष्यवृत्तीचे आणि उत्पन्नाच्या दाखल्याचे असत. कोरोनानंतर मृत्यूनंतरच्या कागदांचे अर्ज वाढले, आणि अलीकडे त्यांच्यासोबत एक फोनही येतो. "टीचर, एवढं सगळं बंद करून द्या," असे म्हणून तो पुढ्यात ठेवला जातो.

अशीच एक भगिनी आली होती. शौहरचा इंतकाल होऊन पाच महिने झाले होते. पासबुकात दरमहा दोन मनोरंजनाच्या ॲपचे पैसे आणि मोबाइलच्या हप्त्याची कपात दिसत होती. शौहर हयात असतानाची, मे अखेरची ४३६ रुपयांची एक नोंदही होती. "हे पण फुकटचं कापतात, बंद करा," असे तिने सांगितले. ते ४३६ रुपये प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचे वार्षिक हप्त्याचे होते. या योजनेचे वर्ष १ जूनपासून ३१ मेपर्यंत चालते आणि त्या काळात खातेदाराचा मृत्यू झाला, तर नॉमिनीला दोन लाख रुपये मिळतात. शौहरने खाते उघडताना कुठेतरी सही केली होती, घरात त्याचा पत्ताच नव्हता. शाखेने तिला दोनदा परत पाठवले, पण शेवटी दावा मंजूर झाला. विम्याविषयी ज्यांच्या मनात शरई शंका आहे, त्यांनी आपल्या आलिमांना जरूर विचारावे. पण नोंद काय आहे हे समजल्याशिवाय ती "बंद करा" म्हणू नये. मरहूमच्या फोनमध्ये आणि पासबुकात देणी असतात, येणी असतात आणि फक्त बंद करायच्या गोष्टीही असतात. ती तिन्ही वेगळी करणे हे पहिले काम आहे.

आधी देणे, मग वाटणी

सूरह निसामध्ये वारशाचे हिस्से सांगताना, ही वाटणी वसीयत आणि कर्ज यांच्यानंतरची आहे, हे पुन्हा पुन्हा बजावलेले आहे. फिकहमधला क्रमही तोच: कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एकतृतीयांशाच्या मर्यादेत वसीयत आणि उरलेल्यातून वारसांचे हिस्से. सहीह बुखारीत प्रसंग आहे, की एका मय्यतीवर तीन दिनारांचे कर्ज होते आणि फेडण्यासाठी मागे काही नव्हते. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः नमाज पढवली नाही. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते देणे आपल्या अंगावर घेतले, त्यानंतरच पढवली.

याच ग्रंथात हजरत जुबैर (रजि.) यांच्या कर्जाची हकिकत आहे. लोक त्यांच्याकडे पैसा अमानत म्हणून ठेवायला येत. ठेव हरवली तर देणाऱ्याचे नुकसान होऊ नये म्हणून ते ती कर्ज म्हणून लिहून घेत. शहीद झाले तेव्हा असे देणे बावीस लाखांवर गेले होते. मुलगा अब्दुल्लाह (रजि.) यांनी मालमत्ता विकून ते फेडले. इतर वारस वाटणी मागू लागले, तेव्हा त्यांनी थांबवले आणि चार वर्षे हजच्या मोसमात पुकारा केला, की ज्याचे आमच्या वालिदांकडे देणे असेल त्याने यावे. चार वर्षांनंतर वाटणी झाली.

त्या काळी पुकारा करावा लागला, कारण देणे कोणाकोणाचे हे लोकांच्या आठवणीत होते. आज ते फोनमध्ये असते. हप्त्यावर घेतलेला फ्रीज, कर्ज देणाऱ्या ॲपवरून उचललेले दहा हजार, मित्राने यूपीआयवरून पाठवलेले उसने, भिशीचा थकलेला हप्ता या सगळ्याच्या नोंदी तिथेच असतात. फोन कपाटात ठेवला की मरहूमचे कर्जही कपाटात जाते.

कर्जाबाबत भगिनींनी आणखी एक लक्षात ठेवावे. कायद्याने वारसांची जबाबदारी मरहूमच्या मागे राहिलेल्या मालमत्तेपुरतीच असते. तुम्ही स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल, तर वसुलीवाला तुमच्या पगारावर किंवा माहेरच्या दागिन्यांवर हक्क सांगू शकत नाही. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. त्याला मृत्यूची तारीख सांगावी, येणे लेखी मागवावे आणि वहीत लिहून ठेवावे.

कामांचा क्रम

काम सोपे आहे, पण क्रम चुकला तर महिने जातात. बहुतेक जण आधी सिम बंद करतात. ते सर्वांत शेवटी करायचे असते.

पहिले काम मृत्यूच्या नोंदीचे. शहरात ती महापालिकेत होते, गावात ग्रामपंचायतीत. दवाखान्यात इंतकाल झाला असेल तर दवाखाना कळवतो, घरी झाला असेल तर घरच्यांनी कळवायचे असते. २१ दिवसांच्या आत नोंद झाली तर विलंब शुल्क लागत नाही. ३० दिवसांनंतर परवानगी व स्वसाक्षांकित दस्तऐवज आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. कब्रस्तानची दफन पावती जपून ठेवावी आणि दाखल्याच्या पाच-सहा प्रती घ्याव्यात.

नाव लिहिताना फार सावध राहावे. आपल्या मराठवाड्यात जुन्या कागदांवर नाव "शेख अमुक शेख तमुक" असे असते, आधारवर आडनाव शेवटी गेलेले असते आणि बँकेत तिसरेच स्पेलिंग असते. मृत्यू दाखल्यावरचे नाव आधार आणि बँकेच्या नावाशी जुळले नाही, तर पुढचे प्रत्येक काम अडते. नोंद करायला जाणाऱ्याच्या हातात मरहूमचे आधार कार्ड आणि पासबुक असावे.

दुसरे काम फोनचे. तो चार्ज करून चालू ठेवावा आणि रिचार्ज संपू देऊ नये. संदेश वाचायला आणि ओटीपी घ्यायला तो लागणार आहे. पण त्यावरून मरहूमच्या पिनने एक रुपयाही पाठवू नये. इंतकालानंतर त्या खात्यावर मरहूमची सही चालत नाही, मग त्यांचा पिन कसा चालेल? कफन-दफनाला पैसे लागले असतील तर कोणीतरी पदरचे द्यावेत, पावती ठेवावी आणि मागाहून मालमत्तेतून हिशेबाने घ्यावेत.

काही ठिकाणी फोनचे लॉक उघडावे म्हणून मय्यतीचा अंगठा फोनला लावून पाहिला जातो. कृपया हे करू नये. मय्यतीची हुरमत एका लॉकपेक्षा मोठी आहे. लॉक उघडले नाही तरी सिम दुसऱ्या साध्या फोनमध्ये घालून संदेश वाचता येतात आणि बँकेच्या कामाला फोन उघडण्याची गरजही नसते.

तिसरे काम पासबुक छापून आणण्याचे. किमान एका वर्षाच्या नोंदी पाहाव्यात, कारण मासिक वर्गणी दोन महिन्यांत दिसते, वार्षिक वर्गणी मात्र वर्षातून एकदाच दिसते. शेजारी वही घेऊन तीन रकाने आखावेत: द्यायचे, यायचे, बंद करायचे. फोनवरचे संदेशही पाहावेत. आपोआप कापल्या जाणाऱ्या अशा वर्गणीची सूचना किमान २४ तास आधी पाठवणे बंधनकारक आहे, त्यामुळे "उद्या अमुक रक्कम कापली जाईल" असे संदेश सापडतात. ४३६ रुपये दिसले तर ते जीवन ज्योतीचे असू शकतात, २० रुपये दिसले तर सुरक्षा विम्याचे. या दुसऱ्या योजनेत अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. असे दावे ३० दिवसांच्या आत टाकलेले बरे.

चौथे काम बँकेला कळवण्याचे. दाखल्याची प्रत आणि एक साधा अर्ज द्यावा, पोच घ्यावी. बँकेने खात्यातून पैसे जाणे थांबवले, की यूपीआय आणि आपोआप कपातींपैकी बहुतेक एका फेरीत थांबतात. मरहूमचे क्रेडिट कार्ड असेल तर ते वेगळे कळवावे, कारण काही वर्गण्या कार्डावर असतात. पेन्शन, श्रावणबाळ किंवा निराधार योजनेचे पैसे येत असतील तर त्या कार्यालयालाही कळवावे. इंतकालानंतरच्या महिन्यांचे आलेले पैसे वारशाचे नसतात, ते परत करायचे असतात. शौहर पेन्शनर असतील तर कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज त्याच वेळी द्यावा.

पाचवे काम उरलेल्या वर्गण्यांचे. ॲप फोनमधून काढून टाकले म्हणजे वर्गणी थांबते, असा मोठा गैरसमज आहे. ती थांबत नाही. प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलच्या चित्रावर दाबून "पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स" या ठिकाणी ती रद्द करावी लागते. डिश, ब्रॉडबँड, पोस्टपेड बिल यांच्या कंपन्यांना दाखला पाठवावा. गॅस आणि वीज बंद करायची नसते, नावावर करून घ्यायची असते. आधारसाठी मायआधार पोर्टलवर २०२५ पासून कुटुंबीयांना मृत्यू कळवण्याची सोय झाली आहे, मृत्यू नोंदणी क्रमांक जवळ ठेवावा. शिधापत्रिका आणि मतदार यादीतून नाव कमी करावे, म्हणजे मरहूमच्या नावावर दुसरे कोणी काही उचलणार नाही.

आणि सर्वांत शेवटी मोबाइल नंबर. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्या माणसाला दिला जाऊ शकतो. तो बँकेला किंवा ईमेलला जोडलेला राहिला, तर ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जातील. म्हणून सगळीकडून नंबर काढून मगच बंद करावा. नंबर आठवण म्हणून ठेवायचा असेल तर दाखला आणि वारसांची नाहरकत देऊन तो बीवीच्या किंवा मुलांच्या नावावर करून घेता येतो.

नॉमिनी म्हणजे मालक नाही

"खात्याला मी नॉमिनी आहे, म्हणजे पैसे माझे," हे वाक्य आपल्या घरांत भांडणाचे मूळ आहे. बँक नॉमिनीच्या हातात पैसे देते आणि तिची जबाबदारी संपते. पैसे कोणाचे, हे वारसा कायद्याने ठरते. कालनिर्णय दिनदर्शिकेचे संस्थापक जयंत साळगावकर यांचे २०१३ मध्ये निधन झाले. त्यांच्या मागे राहिलेल्या गुंतवणुकींवरून वारसांत वाद गेला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. नामनिर्देशनाने नॉमिनीला मालकी मिळते का, हाच त्यातला प्रश्न होता. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने सांगितले, की नामनिर्देशन वारसा कायद्याला बाजूला सारू शकत नाही. विम्याच्या नॉमिनीबद्दल हेच १९८३ मध्ये सांगितलेले होते. आपल्या घरांत तो वारसा कायदा म्हणजे शरियतचे हिस्से.

उदाहरण पाहू. कफन-दफन आणि कर्ज जाऊन खात्यात ८०,००० रुपये राहिले. मागे बीवी, दोन मुले आणि तीन मुली आहेत, मरहूमचे आईवडील हयात नाहीत. बीवीचा आठवा हिस्सा १०,००० रुपये. उरलेल्या ७०,००० चे सात भाग: प्रत्येक मुलाला २०,००० आणि प्रत्येक मुलीला १०,०००. आता थोरल्या मुलाने दफनाच्या रात्री पिन टाकून सगळे ८०,००० आपल्या खात्यात घेतले असतील, तर त्यांपैकी ६०,००० दुसऱ्यांचे आहेत. त्याला तसे वाटत नसेल, घर मीच चालवतो असे तो म्हणत असेल. तरी त्यात आईचे दहा हजार आणि सासरी नांदणाऱ्या तीन बहिणींचे तीस हजार आहेत. शेताच्या आणि घराच्या वाटणीत बहिणींकडून "मला काही नको" असे वदवून घेण्याची वाईट चाल आपल्याकडे आहेच. फोनने ती आणखी सोपी केली, कारण आता बहिणीला विचारावेही लागत नाही, तिला आकडाच कळत नाही.

बँकेच्या टेबलावरची एक सहीही समजून घेतली पाहिजे. नॉमिनी नसेल तर बँका एका वारसाच्या नावे रक्कम देतात आणि इतरांकडून नाहरकत पत्रावर सही घेतात. बहिणींनी ही सही जरूर द्यावी, काम लवकर होते. पण त्याआधी घरात बसून कोणाला किती, हे साध्या कागदावर लिहावे आणि सर्वांनी सह्या कराव्यात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये या दाव्यांसाठी नवे नियम काढले आणि ते ३१ मार्च २०२६ पर्यंत लागू करण्यास बँकांना सांगितले. सर्व कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा आहे. नॉमिनी नसला तरी १५ लाखांपर्यंत, सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत, सोपी पद्धत ठेवलेली आहे. शाखेत कोणी उगाच कोर्टाचा कागद मागितला तर या नियमाचे नाव सांगावे.

इद्दत आणि १२० दिवस

गर्भवती नसलेल्या विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची, म्हणजे साधारण १२८ दिवसांची असते. या काळात फोन बंद करून कपाटात ठेवण्याची पद्धत पडत चालली आहे. "इद्दत झाली की बघू," असे घरचे म्हणतात. पण ९० दिवस वापर नसलेले प्रीपेड सिम कंपनी बंद करू शकते आणि १२० दिवस न वापरलेले व्हॉट्सॲप खाते हटवले जाते. म्हणजे बीवी इद्दतीतून बाहेर येते, तेव्हा सिम गेलेले असू शकते आणि खातेही. त्यात शौहरने पाठवलेले आवाजातले संदेश असतात, मुलांचे फोटो असतात, दुकानाच्या येण्याचा हिशेब असतो. जे हवे ते आधीच दुसऱ्या फोनमध्ये उतरवून घ्यावे. प्रत्येक गप्पांच्या मेनूत "एक्स्पोर्ट चॅट" ही सोय आहे.

इद्दतीतल्या भगिनीला बँकेत सहीसाठी जावेच लागले तर काय, हा प्रश्न मला अनेकींनी विचारला आहे. खऱ्या गरजेसाठी दिवसा बाहेर पडण्याची सवलत आलिम सांगतात. आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे. पण घरातल्या पुरुषांनी त्याआधी अर्ज तयार करून ठेवावेत, म्हणजे तिला एकच फेरी पडेल.

भिंतीवरचा क्यूआर कोड

मशीद, मदरसा किंवा कब्रस्तान कमिटीचा चंदा खजिनदाराच्या वैयक्तिक खात्यावर घेण्याची पद्धत गावोगाव आहे. संस्थेचे खाते काढायचा कंटाळा, म्हणून एकाचा क्यूआर कोड दाराजवळ चिकटवला जातो. त्याच माणसाचा इंतकाल झाला, तर त्याच्या खात्यात स्वतःची कमाई आणि लोकांचा चंदा एकत्र झालेला असतो. बँकेसाठी तो सगळा पैसा मरहूमचा. वारसांसाठी मात्र त्यातला चंदा वारसाच नाही, ती परकी अमानत आहे. कमिटीने आपली पावती-पुस्तके घेऊन वारसांसोबत बसावे, चंद्याची रक्कम ठरवावी आणि वाटणीच्या आधी ती बाजूला काढावी. भिशी आणि बचत गटाचेही तसेच. शिवाय भिंतीवरचा तो कागद त्याच दिवशी काढावा, दुकानातलाही. आणि ज्यांच्या मोहल्ल्यात आज असा कागद लावलेला आहे, त्यांनी संस्थेच्या नावाने खाते उघडून घ्यावे.

फोन उघडणारा आणि गुस्ल देणारा

मय्यतीला गुस्ल देणाऱ्याने जे दिसेल ते झाकावे, बाहेर बोलू नये, ही आपली शिकवण आहे. मरहूमचा फोन उघडणाऱ्यालाही तीच लागू पडावी. त्याला पासबुकाचे संदेश, वर्गण्या आणि हिशेब पाहायचा आहे. दोन माणसांच्या खासगी गप्पा वाचणे हे त्याचे काम नाही. एकट्याने फोन उघडू नये, घरातले एक जबाबदार माणूस सोबत असावे. समोरच्याने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीही त्यात असतात, आणि तो समोरचा अजून हयात असतो.

जगातही हा प्रश्न सुटलेला नाही. बर्लिनमध्ये २०१२ साली पंधरा वर्षांच्या एका मुलीचा मेट्रोखाली मृत्यू झाला. तो अपघात होता की आत्महत्या, हे जाणण्यासाठी आईवडिलांना तिचे फेसबुक पाहायचे होते. कंपनीने नकार दिला. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १२ जुलै २०१८ रोजी सांगितले, की पत्रे आणि डायऱ्या जशा वारसांकडे जातात तसेच हे खातेही जाते. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम १४ मध्ये, आपल्या मृत्यूनंतर आपल्या माहितीविषयीचे हक्क कोणी बजावावेत हे नेमून देण्याचा अधिकार दिलेला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत आहे.

तोवर कंपन्यांचे नियम पाळावे लागतात. फेसबुकला दाखला पाठवला तर खाते कायमचे काढता येते किंवा स्मरणार्थ म्हणून ठेवता येते. मोकळे सोडलेले खाते मात्र धोक्याचे. भामटे ते ताब्यात घेतात आणि मरहूमच्या नावाने नातेवाइकांकडे पैसे मागतात. गुगल कोणालाही मरहूमचा पासवर्ड देत नाही, जवळच्या नातेवाइकाच्या विनंतीवरून खाते बंद करते. दोन वर्षे न वापरलेले गुगल खाते हटवले जाऊ शकते, म्हणून फोटो आधी उतरवून घ्यावेत.

सगळेच पुसून टाकावे असेही नाही. नफा देणारे इल्म माणसाच्या मागे सवाब पोहोचवत राहते. एखाद्या मरहूम शिक्षकाने दहावीच्या मुलांसाठी ड्राइव्हवर ठेवलेल्या नोट्स, एखाद्या हाफिजसाहेबांच्या किरअतची ध्वनिमुद्रणे बंद खात्यासोबत बुडू देऊ नयेत. ती विद्यार्थ्यांकडे सोपवावीत.

हयातीत करायचे काम

ज्याच्याजवळ वसीयत करण्यासारखे काही आहे, त्याने ती लिहून ठेवल्याशिवाय दोन रात्रीही घालवू नयेत, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. आपल्याजवळ वसीयत करण्यासारखे काय, असे म्हणणाऱ्याच्या खिशातही आज फोन असतो. म्हणून वहीचे एक पान करावे. त्यावर बँक खाती, कर्जे, कोणाचे उसने, कोणाला दिलेले, भिशी, विमा, कशाकशाच्या वर्गण्या चालू आहेत आणि कोणती अमानत आपल्या खात्यात आहे, हे लिहावे. पिन लिहू नये, त्याची गरजच नाही. फोनच्या लॉकचा आकडा बंद पाकिटात ठेवता येईल. पान कुठे आहे हे घरात दोघांना सांगावे, एकालाच नको.

सोबत तीन गोष्टी तपासाव्यात. प्रत्येक खात्याला नॉमिनी आहे का? १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी ठेवता येतात. गुगलमध्ये "इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर" आहे. खाते ३ ते १८ महिने वापरले नाही तर कोणाला काय द्यायचे, ते तिथे आपणच ठरवतो. फेसबुकमध्ये "लेगसी कॉन्टॅक्ट" नेमता येतो, त्याला आपले खासगी संदेश दिसत नाहीत.

मी शाळेत नववीच्या मुलींना हे पान लिहायला शिकवते. त्या घरी जाऊन अब्बांना आणि अम्मींना विचारतात, "तुमच्या खात्यातून दरमहा काय काय कापतं?" अनेक घरांत याचे उत्तर दोघांनाही माहीत नसते. मग पासबुक निघते, तिघे मिळून वाचतात, नको असलेल्या दोन वर्गण्या हयातीतच बंद होतात. आणि मुलीला घरातला आकडा माहीत होतो. पुढे कधी वाटणीची वेळ आली, तर तिला तो कोणाला विचारावा लागणार नाही.